ब्रांडस्टेडचे चाळीस चाहते

एलॉफ ब्रांडस्टेड हा स्वीडिश फुटबॉलपटू कुणालाही आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं त्याचं खापर नेमकं कुणावर फोडायचं ते तुम्हाला ठरवता येईल. नावडता होता असंही नाही. नावडतं व्हायचं तरी लोकांनी तुमच्याकडे बघायला लागतं. हा बचावफळीत उभा असायचा, समोरून आलेला चेंडू शांतपणे दुसऱ्याच्या पायाशी सरकवायचा आणि डेंटिस्टकडे नंबर लावून बसल्यासारखा चेहरा करून पुन्हा आपल्या जागी जायचा. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायच्या आमच्या घरापासून पाऊण तासावर त्याच्या क्लबचं छोटंसं स्टेडियम होतं. खेळाडू मैदानात उतरताना निवेदकाने पहिलं नाव पुकारायचं आणि लोकांनी आडनाव ओरडायचं, अशी तिथली पद्धत. दहा नंबरच्या रेनातोचं नाव आलं की छप्पर उडायचं. मिशिगनमध्येच वाढलेल्या गोलकीपरसाठी तर त्याच्या शाळेतल्या बाईसुद्धा ओरडायला यायच्या. आणि "एलॉफ" म्हटलं की सगळे नाचोज आणायला उठायचे. मग निवेदक बिचारा खाकरून स्वतःच "ब्रांडस्टेड" म्हणून मोकळा व्हायचा. फाटकापासून आतपर्यंतच्या खांबांवर खेळाडूंचे मोठे फोटो लावलेले असत, लाडक्यांचे आधी, बाकीच्यांचे मागे. एलॉफचा फोटो बायकांच्या बाथरूमच्या वळणावर होता. अशा माणसाने आयुष्याचा एक मोठा निर्णय, म्हणजे आपल्या देशात वडिलांजवळ परत जायचं की इथेच राहायचं हा, आपल्या लोकप्रियतेच्या भरवशावर घ्यायला घेतला, आणि ती लोकप्रियता म्हणजे आम्ही होतो. त्या वेळी मी चौदा वर्षांची होते आणि मला खरं बोलायची भयंकर खाज होती. ती खाज अजून गेलेली नाही, पण आता लोक वयाकडे बघून सोडून देतात.

आमचं घर म्हणजे तीन माणसं आणि एक स्पीकरवर ठेवलेला फोन. फोनच्या पलीकडे नागपूरचे आजोबा असायचे. रोज सकाळी बाबा गॅरेजचं दार घरघरत उघडण्याआधी आजोबा तिकडचं हवामान सांगायचे आणि बाबा इकडचं. दुसरं काहीही बोलणं व्हायचं नाही. कुकरच्या शिट्टीत एखादं तापमान ऐकू आलं नाही तर बाबा ते पुन्हा विचारायचे. बाबा गाड्यांची सीटं बनवणाऱ्या कंपनीत होते. शिवणी तपासणं हे त्यांचं काम, आणि ते काम ते घरीही घेऊन यायचे. कुणाच्या घरी गेले तरी सोफ्याची उशी उलटी करून बघायचे. आई पुण्याची. दिवसभर हेडसेट लावून कॉलवर अमेरिकन लोकांना गोड बोलायची आणि हेडसेट काढला की उरलेलं आम्हाला बोलायची. रविवारी ती इथल्या मराठी लोकांच्या मंडळाच्या शाळेत मराठी शिकवायची, म्हणून तर मी आज हे मराठीत लिहू शकते. तेव्हा मात्र मी तिला प्रत्येक गोष्टीचं उत्तर इंग्लिशमध्ये द्यायचे आणि ती "मराठीत भांड" म्हणायची.

तर बाबांना सेल दिसला की राहवायचं नाही. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीसाठी स्वयंसेवकांना एकसारखे शर्ट हवे होते. अध्यक्ष पाटणकर काकांनी ते काम बाबांवर सोपवलं, आणि मॉलमध्ये बाबांना क्लबच्या दुकानाचा सेल सापडला. मागल्या हंगामाचे, हळदीसारखे पिवळे, चांगले खोकंभर शर्ट. डिकीतून ते खोकं काढून त्यांनी डायनिंग टेबलावर ठेवलं तेव्हा त्यांचा चेहरा मुलीचं लग्न ठरवून आल्यासारखा होता. मी एक शर्ट उलगडला. पाठीवर पाच नंबर आणि ब्रांडस्टेड. दुसरा उलगडला. ब्रांडस्टेड. रेनातोचे शर्ट छापायच्या आधी संपत असत. छापून पडून राहिलेले होते ते या एकाचेच.

"अहो, हा कोण बाप्या?" आई म्हणाली.

"असेल कोणी. तू शिवण पाहून घे. डबल आहे."

"शिवणीचं काय घेऊन बसलात? या परक्या माणसाचं नाव मिरवत आम्ही मोदक वाढायचे?"

"पाठीवर आहे ना! आपल्याला थोडीच दिसून राहिलं?" बाबा म्हणाले. आईने शर्ट उलटा करून शिवण पाहिली. रंग शुभ आहे म्हणून पाटणकर काकांनी शर्ट पास केले आणि प्रकरण तिथे संपायला हवं होतं. पण त्या खोक्यासोबत दुकानदाराने एका रिकाम्या जाणाऱ्या मॅचची चाळीस तिकिटं फुकट दिली होती. फुकटचं तिकीट वाया घालवणं आमच्या मंडळाच्या रक्तात नाही.

म्हणून एका शनिवारी चाळीस मराठी माणसं नऊ गाड्यांतून तिथे पोचली. स्टेडियममध्ये बाहेरचं खाणं चालत नाही हे कळल्यावर पार्किंगमध्येच डिक्या उघडल्या गेल्या. साबुदाणा वडे, दडपे पोहे, कुणाच्या तरी फ्लास्कमधला आल्याचा चहा, आणि "अगं, चटणी कुठल्या गाडीत राहिली?" असा आरडाओरडा. पाटणकर काकांना एकरूपतेची फार हौस. तेव्हा सगळ्यांनी पिवळे शर्ट घातलेच पाहिजेत असं ग्रुपवर तीनदा फर्मान निघालं होतं. पाटणकर काकूंनी तो शर्ट साडीवर घातला होता. मी हुडी वरून घातली आणि गळ्यापर्यंत चेन ओढून बसले, कारण माझ्या वर्गातल्या पोरी पलीकडच्या स्टँडमध्ये रेनातोच्या नावाने किंचाळत होत्या आणि खरं सांगायचं तर मलाही तिथेच बसायचं होतं.

मॅचच्या आधी खेळाडू हातपाय मोकळे करायला आले. एलॉफ धावत आमच्या बाजूने गेला, थांबला आणि परत फिरला. नेमकी त्या वेळी सगळी मंडळी हातातल्या पिशव्या सीटखाली ठेवायला वाकून पाठमोरी झाली होती. एकोणचाळीस पाठींवर स्वतःचं नाव बघितलेल्या माणसाचा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिलेला नाही. तो कुंपणापर्यंत आला. त्याने छातीवर हात ठेवला. आता कुणी असं केलं की आपली माणसं काय करणार? सगळ्यांनी वळून त्याला नमस्कार केला. काहीतरी म्हणायला हवं म्हणून पाटणकर काकांनी त्यांना येत होतं ते म्हटलं, "गणपती बाप्पा!" आणि चाळीस गळ्यांतून "मोरया!" निघालं. एलॉफ दोन पावलं मागे सरला. मग तो असा काही हसला की मला मान खाली घालावी लागली. त्या दिवशी तो जन्मात खेळला नसेल असा खेळला, आणि त्याच्या प्रत्येक टॅकलला आमचे लोक मोरया म्हणायला लागले, कारण दुसरं काय ओरडायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं.

मॅच संपल्यावर तो घाम पुसत पुन्हा आला. बाबांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो व्हिसा कुठला आणि किती दिवसांत झाला हा. त्याने मनापासून उत्तर दिलं. वकिलाच्या चुकीने तीन महिने कसे गेले तेही सांगितलं. त्यावर चार काकांनी आपापल्या वकिलांच्या गोष्टी सांगितल्या. मग तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी भेटू?" आणि पाटणकर काकांनी, दारापर्यंत सोडायला आलेल्या यजमानाला म्हणतात तसं, "हो हो, नक्की! येणारच!" म्हणून टाकलं. आपल्यात असं म्हटल्यावर कुणी येत नाही, हे उभयपक्षी ठरलेलं असतं. स्वीडनमध्ये तसं नसावं. पुढच्या शनिवारी आमच्या आडव्या-तिडव्या ओळखीतलं कुणीतरी मॅचला गेलं होतं. त्याने येऊन सांगितलं की तो माणूस सबंध वेळ आपल्या रिकाम्या रांगांकडे बघत होता आणि दोन गोल त्याच्यामुळे झाले.

मंडळाची तातडीची मीटिंग झाली. आमच्याच बेसमेंटमध्ये, हवेतली ओल शोषणाऱ्या डिह्युमिडिफायरच्या गुणगुणीत. "बरं नाही दिसत हो," एक काकू म्हणाल्या, आणि तिथून पुढे चर्चेचा प्रश्नच उरला नाही. पाळ्या लागल्या. प्रत्येक घरच्या मॅचला वीस तरी पिवळे शर्ट हजर पाहिजेत; ज्याला जमणार नसेल त्याने बदली माणूस द्यायचा. लोक एकमेकांना फोन करून "यार, या शनिवारचा एलॉफ तू घेतोस का, मी तुझा पुढचा घेतो" म्हणायला लागले. नागपूरच्या आजोबांच्या फोनमध्येसुद्धा हवामानानंतर एलॉफची चौकशी येऊ लागली. बघता बघता इतर प्रेक्षकही मोरया म्हणायला शिकले. खांबांवरचे फोटो बदलले. एलॉफ बाथरूमच्या वळणावरून तिकीट खिडकीशी आला. सर्वांत लाडका खेळाडू कोण म्हणून क्लबने ऑनलाइन मतं मागवली तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर लिंक फिरली, ती तिथून पुणे, नागपूर, ठाणे करत कुठपर्यंत गेली देव जाणे. एलॉफ पहिला आला. रेनातो दुसरा. माझ्या शाळेत या निकालावरून पोरी आठवडाभर हळहळल्या, आणि ही काय भानगड आहे हे माहीत असलेली मी डबा खात गप्प बसले. मी स्वतः मत रेनातोला दिलं होतं.

एलॉफला गणपतीला बोलवणं ओघानेच आलं. भाड्याच्या हॉलमध्ये तो निळा सूट घालून आला, दारात बूट काढायला सांगितल्यावर न कुरकुरता काढले, आणि आरतीत टाळ्या बरोबर ठेक्यात वाजवल्या. माझं इंग्लिश चांगलं म्हणून त्याची सरबराई माझ्याकडे. त्याने मोदक काट्याने खायला घेतला तेव्हा आईने तो काटा त्याच्या हातातून काढून घेतला, मोदक हाताने फोडून त्यात तूप ओतलं आणि "नाऊ ईट" म्हणाली. त्याने सात खाल्ले. आईच्या मनात तो त्याच दिवशी घरचा झाला. खाता खाता तो मला म्हणाला, "तुला एक गोष्ट सांगू? सोमवारी मला एक मोठं उत्तर द्यायचं आहे."

त्याच्या गावच्या क्लबने त्याला परत बोलावलं होतं. उत्तरेकडे कुठेतरी, जंगलाच्या कडेला. वडील एकटेच होते तिथे. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. वडील रोज फोन करतात, तो म्हणाला, आणि फक्त हवामान सांगतात. आधी तो जाणारच होता. इथे कोण होतं त्याचं? पण आता तुम्ही लोक आहात. इतकं प्रेम करणाऱ्यांना सोडून मी कसा जाऊ? हे बोलताना त्याच्या हनुवटीला तूप लागलं होतं आणि डोळे भरून आले होते. सोमवारी हा माणूस त्या हवामान सांगणाऱ्या म्हाताऱ्याला नाही म्हणणार होता, आणि ते कशासाठी, तर बाबांना डबल शिवण आवडली म्हणून!

मी उठून आईकडे गेले. ती पंगतीत मसालेभात वाढत होती. मी तिला सगळं सांगितलं, इंग्लिशमध्ये, भराभर.

"मराठीत बोल."

"आई, तो आपल्यासाठी इथे राहतोय! त्याला सांगायला पाहिजे."

"काय सांगणार? सेलमध्ये मिळालास म्हणून? पाहुण्याला? जेवताना?" आई कुजबुजली, पण तिच्या हातातला झारा हवेतच राहिला होता. मग बाबा आले. त्यांनाही मी तेच सांगितलं. "सोमवारनंतर सांगू काहीतरी," ते म्हणाले. सोमवारनंतर सांगून काय कपाळ फोडायचं होतं? मला इतका संताप आला की मी सरळ जाऊन एलॉफला हॉलच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि मोठमोठ्या पातेल्यांच्या मध्ये उभं करून एका दमात सांगून टाकलं. शर्ट सेलमध्ये होते. तुझं नाव आम्हाला माहीत नव्हतं. तिकिटं फुकट होती. मोरया हे तुझं गाणं नाही, ते बाहेर मखरात बसलेत त्यांचं आहे. आणि मी मत रेनातोला दिलं.

"मीसुद्धा," एलॉफ म्हणाला. "तो फार चांगला खेळतो."

मग तो उलट्या घातलेल्या एका पातेल्यावर बसला. घसरलेला सॉक्स वर ओढला. बाहेर कुणीतरी नाट्यगीत म्हणायला घेतलं होतं आणि माईक किंचाळत होता. मला वाटलं, आता हा रडणार. त्याने विचारलं, "पहिली मॅच समजली. पण नंतर? तुम्ही दर वेळी आलात. पावसात आलात. ती एक आजी व्हीलचेअरवर आली होती. ते कशाला?"

"आलो नसतो तर बरं दिसलं नसतं," मी म्हणाले. हे इंग्लिशमध्ये सांगणं किती कठीण आहे ते करून बघा. मी तीन वेळा प्रयत्न केला. शेवटी म्हटलं, आमच्यामुळे तू खूश झालास हे आम्हाला कळलं होतं, मग आम्हाला थांबता येईना. त्यावर तो हसायला लागला, इतका की पातेलं त्याच्यासकट घसरलं आणि त्या आवाजाने चार काकू धावत आल्या.

सोमवारी त्याने गावच्या क्लबला हो म्हटलं. मंडळात माझी जी शोभा झाली ती विचारू नका. पाटणकर काका दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, निदान त्या पाळ्या तरी संपल्या. आता त्याला सगळं माहीत आहे, जायचं कारणच नाही. तर आईने शेवटच्या मॅचच्या दिवशी पहाटेच साबुदाणा भिजवलेला. "कशाला?" मी विचारलं. "कशाला म्हणजे? आज गेलो नाही तर तू बोललीस ते खरंच होतं असं वाटेल त्याला," ती म्हणाली. "पण ते खरंच होतं!" "तू गाडीत बस." तेव्हा मला खोटं पाडण्यासाठी म्हणून चाळीसच्या चाळीस जण गेले, वर कुणाकुणाचे भारतातून आलेले आईवडीलसुद्धा. निवेदकाने "एलॉफ" म्हटलं, आणि मी हुडी काढून ओरडले. एवढं तरी मी त्याचं देणं लागत होते.

तो गेला. बर्फ पडलं, वितळलं. मला वाटलं सगळे विसरले. बर्फानंतरच्या एका शनिवारी सकाळी मी उशिरा उठून खाली आले तर फोडणीचा वास येत होता आणि बैठकीत आरडाओरडा चालला होता. कॉफी टेबलावर लॅपटॉप, बाबांच्या मांडीवर पोह्यांची बशी, आई उभी, हातात कालथा तसाच. पडद्यावर अंधूक चित्र, कडेला मळकट बर्फाचे ढीग, एक अक्षर कळणार नाही अशा भाषेतलं समालोचन. एलॉफच्या गावच्या क्लबचे सामने दाखवणारी साइट बाबांनी शोधून काढली होती, आणि हे आज पहिल्यांदा चाललेलं नव्हतं, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. ना तिथे आमच्या रांगा होत्या, ना कुणी छातीवर हात ठेवणार होतं. आम्ही बघतोय हे त्या माणसाला कधी कळणारही नव्हतं. आणि माझी आई, जिला अजून ऑफसाइड कळत नव्हता, ती पडद्याला बोट लावून "अरे मागे बघ, मागे!" म्हणून ओरडत होती. मला जाऊन तिला मिठी मारावीशी वाटली. चौदा वर्षांच्या मुलीला ते परवडत नाही, म्हणून मी फटकळपणे म्हटलं, "आई, त्याला ऐकू जाणारे का ते?"

"तू गप्प गं," आई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "डावा पाय बघ कसा टाकतोय. काल झोप झालेली नाही त्याची."